मंगळवार पाच

१९ ऑक्टोबर

मंगळवार, सायंकाळी पाच, यांस,

असा मायना लिहिते आहे याबद्दल माफ करावे. माझे यजमान आपल्या पेशंटची नावे कुठेही लिहीत नसत. वार आणि वेळ लिहीत. त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात अकरा पाकिटे निघाली. पत्ते त्यांनीच घालून ठेवले होते आणि कोपऱ्यात पेन्सिलीने वार व वेळ. आतल्या पत्रात नाव घालू नये, अशी सूचना आहे. ती मी पाळते आहे.

परवा, गुरुवारी सकाळी, कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला ते स्टुलावर बसले आणि तिथेच गेले. त्रास झाला नसावा, असे डॉक्टर म्हणाले.

हे पत्र खरे तर त्यांचे मित्र डॉक्टर लिहिणार होते. त्या दोघांचे तसे ठरलेले होते. पण मित्रांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि काही दिवस त्यांचे लिहिणे-वाचणे बंद आहे. म्हणून मी लिहिते आहे. त्यांचा पत्ता खाली दिला आहे. आपण पुढचे मानसोपचार त्यांच्याकडे घ्यावेत, अशी यजमानांची इच्छा होती.

आपल्यासंबंधीची वही कुणीही वाचणार नाही. ती नष्ट केली जाईल.

त्यांची पत्नी


२८ ऑक्टोबर

काकू,

काकू म्हटलं तर चालेल ना? बाई म्हटलं की शाळेतल्या वाटता आणि मॅडम म्हटलं की बँकेतल्या.

तुमचं पत्र गेल्या सोमवारी मिळालं. मी चष्म्याच्या काचा घासते. दुकानाच्या मागे कारखाना आहे, तिथे मी आणि आणखी दोघं. पत्र मशीनशेजारी उभं राहून वाचलं, उरलेली सहा भिंगं घासली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी पाचला मात्र पाय आपोआप तिकडेच वळले. वरती खोलीला कुलूप होतं. पायरीवर बसले. पाच पन्नासला उठले.

तीन वर्षं येत होते मी. तुम्ही कशा दिसता तेही मला माहीत नाही. सरांच्या टेबलावर तुमचा फोटो नव्हता. कुणाचाच नव्हता.

एक विचारायचंय. पंधरा तारखेच्या मंगळवारी मी आले नव्हते. कळवलंही नव्हतं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा सर कसे होते? काही बोलले का? एवढं सांगा. मग त्रास देणार नाही.

मंगळवार पाच


४ नोव्हेंबर

नमस्कार.

उत्तर द्यावं की नाही, याचा चार दिवस विचार केला. मित्र डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

त्या मंगळवारी ते नेहमीच्या वेळी आले. हात धुतले, जेवले, स्वतःचं ताट उचललं, पेपरातलं कोडं सोडवलं. मी विचारलं, "दमलात?" ते म्हणाले, "नाही." एवढंच. ते घरी फारसं बोलत नसत. दिवसभर ऐकून ऐकून माणसाचं बोलणं आटत असेल, असं मी धरून चालले होते. मी स्वतः तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते, तिथेही बाटल्यांवर नंबर घालायचे आणि गप्प राहायचं. आमचं दोघांचं जमलं ते त्यामुळेच असेल.

तुम्ही एक विचारलंत, म्हणून मीही एक विचारते. विचारायचा अधिकार नाही हे ठाऊक आहे. तिथे ते कसे असत? हसत का?

त्यांची पत्नी


११ नोव्हेंबर

काकू,

हसत का, असं काय विचारता? हसायचे म्हणजे खांदे हलायचे, आवाज नाही. पहिल्यांदा मला वाटलं ठसका लागला, मी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग तर जास्तच हसले.

चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे. मी सांगून दमले, सर, भिंगावर चरे पडतात, निदान माझ्यासमोर तरी नका. तर मुद्दाम माझ्यासमोरच पुसायचे. "तुझं दुकान चालायला हवं ना," म्हणायचे.

पन्नास मिनिटांचा नियम होता. आधी अगदी काट्यावर काटा. गेल्या वर्षापासून मात्र साठ व्हायला लागली, कधी पासष्ट. मीही घड्याळाकडे बघत नसे, आणि घड्याळ माझ्या पाठीमागे असायचं, त्यामुळे ते बघायचं काम त्यांचं. थंडीत विचारायचे, "स्वेटर आणलायस का?" जिन्यातला दिवा गेला तेव्हा खणातून छोटी पिवळी बॅटरी काढून दिली. बटणावर कुणीतरी लाल नेलपॉलिश लावलेलं. म्हणाले, "जिन्यात पडशील. ठेव तुझ्याकडेच. आणि पोचलीस की एक रिंग दे." तेव्हापासून दर मंगळवारी घरी पोचले की एक रिंग द्यायची आणि कट करायचा.

माझे वडील कारखान्यात लेथ मशीनवर होते. नववीत असताना मी एकदा न सांगता मैत्रिणीकडे राहिले. सकाळी भीतभीत घरी आले तर ते म्हणाले, "दार लाव." एवढंच. कुठे होतीस नाही, की एक थोबाडीत नाही. हे मी सरांना सांगितलं. मी म्हणाले, माझे खरे वडील तुम्हीच. ते म्हणाले, "तसं वाटतं खरं. त्याबद्दल बोलू आपण." हे त्यांचं नेहमीचं. सगळ्याबद्दल बोलू आपण.

तुम्हाला मुलं किती? त्यांचा हेवा वाटतो मला, खोटं कशाला सांगू.

मंगळवार पाच


१५ नोव्हेंबर

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला तू म्हणते, चालेल ना? तू मला काकू म्हणतेस.

आम्हाला मूलबाळ नाही.

खांदे हलायचे ते मी विसरले होते. तू लिहिल्यावर डोळ्यांपुढे आलं. आणखी आठवेल तसं लिही, बारीकसारीकही चालेल. कुठल्या बाजूला मान कलती करून ऐकत, चहा घेत का, काय.

त्या बॅटरीबद्दल जरा लिही. पॉलिश कडेला उडालंय का? मागच्या झाकणाला दोरा आहे का? सहज विचारते.

दर मंगळवारी लिहीत जा. थंडी वाढली आहे, कारखान्यात स्वेटर घालून बसत जा. मित्र डॉक्टरांकडे जायची घाई करायला हवी असं नाही. माणूस चांगला आहे, पण नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. मला तर तू थोडं लिहिलंस तरी कळतं.

काकू


२६ नोव्हेंबर

काकू,

पॉलिश कडेला उडालंय. मागे निळा दोरा आहे, गाठ मारलेला. तुम्हाला कसं कळलं? सर घरी सांगायचे वाटतं माझ्याबद्दल. म्हणजे मी उगाच म्हणत होते की मी त्यांच्या लेखी फक्त एक वार आणि एक वेळ आहे.

आता जे लिहिते ते कुणालाच सांगितलेलं नाही. आठ ऑक्टोबरला, माझ्या शेवटच्या मंगळवारी, सर म्हणाले की आपल्या भेटींमध्ये त्यांच्याकडून एक चूक होत आली आहे. यापुढे पन्नास मिनिटं म्हणजे पन्नासच. रिंगही द्यायची नाही. आणि हे असं का झालं ते पुढच्या वेळी नीट सांगेन. मी पुढचं ऐकलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं की दार लाव. मी म्हणाले, "तुम्हीही शेवटी माझ्या बापासारखेच निघालात. उद्या मेलात तरी मी रडायला येणार नाही." आणि उठले. पन्नास मिनिटं व्हायला अजून वीस बाकी होती.

पुढच्या मंगळवारी मुद्दाम गेले नाही. गेले नाही म्हणजे वर गेले नाही. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभी होते. वरच्या खिडकीत दिवा होता. मनात म्हटलं, बसा वाट बघत. पाच पन्नासला दिवा विझला तशी मी निघाले. दोन दिवसांनी ते गेले.

काकू, मीच मारलं त्यांना, असं वाटतं. या महिन्यात तीन भिंगं फुकट घालवली, मालक म्हणाला डोळे तपासून घे. खरं सांगा, वह्या गेल्या का हो? त्या दिवसाबद्दल त्यांनी काही लिहिलं होतं का?

त्या डॉक्टरांकडे मी काही जात नाही. तुम्ही आहात ना. कधी कधी वाटतं, तुमच्याकडेच राहायला यावं. एक खोली असेलच तुमच्याकडे.

तुमची
मंगळवार पाच


२९ नोव्हेंबर

भाऊजी,

डोळा कसा आहे? तुम्ही वह्या मागितल्यात त्याला महिना होत आला. मी सर्दीचं कारण सांगितलं. सर्दी नव्हती.

मी वही वाचली. सगळ्या नाही, फक्त मंगळवार पाचची. आमच्या प्रयोगशाळेत सील तुटलेली बाटली आली तर आम्ही ती तपासत नसू, परत पाठवत असू. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बाटल्या परत पाठवल्या. इथे सील मीच तोडलं.

त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. उजव्या पानावर पेशंट काय बोलला ते, आणि डाव्या पानावर ते ऐकताना यांच्या मनात काय आलं ते. उजवी पानं मी झाकून ठेवली. डावी वाचली.

भाऊजी, डाव्या पानांवर आमची मुलगी आहे. ती क्लासवरून निघाली आणि घरी पोचली नाही, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर घरात त्यांनी तिचा विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. मला वाटे, त्यांनी विसरायचं ठरवलं आहे. आणि इथे पानामागून पान. "आज हिने केस कानामागे घेतले आणि पुढची दोन मिनिटं मी काही ऐकलं नाही." "दहा मिनिटं जास्त दिली. कुणाला दिली?" "बॅटरी दिली. ती माझ्या एकट्याची नव्हती." ती पिवळी बॅटरी मुलीच्या पिशवीतली. अपघातानंतर दवाखान्यातून पिशवी परत आली, त्यात नव्हती. अकरा वर्षं मी घरभर शोधली, पण त्यांना विचारलं नाही.

त्यांची चूक झाली, असं ते स्वतःच लिहितात. मी त्यांच्यावर वरताण केली. ती बाई मला पत्रं लिहिते आणि मी तिला. मूलबाळ नाही म्हणून खोटं सांगितलं, कारण मुलगी होती म्हटलं असतं तर जागा भरलेली दिसली असती. तुमच्याकडे जायची घाई नको, असंही लिहिलं. काल तिचं पत्र आलं की तिला माझ्याकडे राहायला यावंसं वाटतं. आज सकाळी मी मुलीची खोली झाडली. गादीला ऊन दाखवलं. चादर घालताना हात थांबला, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तिला वाटतं, ते तिच्यामुळे गेले. शेवटच्या डाव्या पानावर त्याचं उत्तर आहे. द्यावं का? दिलं तर वाचल्याचं कबूल करावं लागेल. मग ती मला लिहिणार नाही.

तुमची वहिनी


३ डिसेंबर

वहिनी,

डोळा झकास आहे. आरशात स्वतःला स्पष्ट बघावं लागतं, तेवढाच तोटा.

मी रागवावं अशी तुमची अपेक्षा दिसते, तर रागावतो. वही वाचायला नको होती. झालं.

आता दुसरं. आमच्या कामात पेशंट समोरच्या खुर्चीतल्या माणसाला आपल्या घरातल्या माणसाचे कपडे चढवून बघतो. बापाचा कोट, आईची शाल. ते आम्हाला शिकवलेलं असतं आणि त्यावरच आमचं काम चालतं. पण आपणही त्याला आपल्या घरातलं काहीतरी चढवत असतो, आणि ते आपल्याला सगळ्यात शेवटी दिसतं. ते दिसायला माझ्या मित्राला वर्ष लागलं. सप्टेंबरात माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, "मी तिच्याकडून रिंग घेतो रे. रिंग आली की मला जेवण जातं." मी म्हणालो, उद्याच्या उद्या थांबव. वेळ पन्नासवर आण आणि तिला कारण सांग. माझा सल्ला बरोबर होता. पण पहिल्या भेटीत वेळ आणि दुसऱ्या भेटीत कारण, असं त्याने केलं, आणि दुसरी भेट झालीच नाही. हे मी विचारून घ्यायला हवं होतं. तेव्हा तुम्ही एकट्याच चुकलात असं समजू नका. आपण तिघे आहोत.

तुम्हाला ती हवी आहे, यात पाप नाही. पण तिला बाप हवा होता म्हणून ती त्याच्याकडे आली नव्हती. बाप नसताना जगता यावं म्हणून आली होती. त्याला ते ठाऊक होतं.

शेवटच्या पानावरचं जे तिचं आहे, ते तिला द्या. तुमचं आहे ते ठेवा. वेगळं करायला तुम्हाला मी शिकवावं लागणार नाही.

भाऊजी


१० डिसेंबर

नमस्कार.

आधी मी केलेल्या गोष्टी सांगते. वही नष्ट झालेली नाही. मी ती उघडली. तुम्ही बोललेलं उजव्या पानांवर आहे, ते मी वाचलेलं नाही. डाव्या पानांवर त्यांच्या स्वतःबद्दलच्या नोंदी आहेत, त्या वाचल्या. न वाचण्याचा शब्द मी तुम्हाला दिला होता. तो मोडला.

आम्हाला मूलबाळ नाही, हे खोटं होतं. आम्हाला मुलगी होती. एकोणिसाव्या वर्षी, संध्याकाळी घरी येताना रस्त्यावर अपघातात गेली. बॅटरी तिची आहे. पॉलिश तिने लावलं, अंधारात बटण सापडावं म्हणून. निळा दोरा मी बांधला. त्यांनी घरी तुमच्याबद्दल कधीही, एक अक्षरही सांगितलं नाही. दोऱ्याचं मला त्यामुळे कळलं नव्हतं.

आता जे तुमचं आहे ते. पंधरा ऑक्टोबरच्या पानावर असं आहे, जसंच्या तसं लिहिते:

"आली नाही. चांगलं केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणावर तरी तोंडावर रागावली आणि तो राग दुसऱ्या दिवशी गिळला नाही. मी पन्नास मिनिटं बसलो. पुढच्या मंगळवारी आधी सांगायचं की चूक माझी होती, तिची नव्हे. मग ती बोलेल ते ऐकायचं."

मध्ये एक ओळ आहे, ती माझ्याकडे राहू दे. ती आमच्या घरची आहे.

तुम्ही खाली उभ्या होतात, ते वर बसले होते. ते रागावलेले नव्हते. दोन दिवसांनी ते गेले ते हृदयामुळे. त्या हृदयाच्या तपासणीचा कागद माझ्याकडे चार वर्षांपासून आहे, त्यांनी तो माझ्याशिवाय कुणाला दाखवला नव्हता. रागाच्या एका वाक्याने माणूस जात नाही.

तुम्हाला मिळालेली पन्नास मिनिटं तुमची होती. त्यात दुसरं कुणी नव्हतं. वरची दहा आमच्या मुलीची होती, ती तुमच्या हातात आली. ते ऐकून वाईट वाटेल, पण पन्नास कमी होत नाहीत.

मीही तुम्हाला तसंच लिहीत होते. स्वेटर घालून बसा, घाई करू नका, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. आमच्याकडे एक खोली आहे, पण ती तुमची नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मित्र डॉक्टरांकडे जा. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. ते सांगा. माझ्यावरचा रागही त्यांना सांगा, तो मनात ठेवू नका. या पत्राला उत्तर नको.

त्यांची पत्नी


७ जानेवारी

भाऊजी,

सोबत अकरा वह्या पाठवते आहे, दोऱ्याने बांधून. तुम्ही त्यांचं जे करायचं ते करा.

मंगळवार पाच तुमच्याकडे येते की नाही, हे मी विचारणार नाही आणि तुम्ही सांगू नका.

गेल्या आठवड्यात टपालाने एक छोटा खोका आला. आत चिठ्ठी नव्हती. चष्म्याची काच पुसायचं एक मऊ फडकं होतं आणि त्यात गुंडाळलेली बॅटरी. सेल नवीन घातलेले. दोरा तसाच.

आज त्यांची पेशंट बघायची खोली रिकामी करून किल्ली घरमालकाला द्यायची होती. सामान दुपारीच गेलं, खुर्च्या तेवढ्या राहिल्या होत्या. पाच वाजले तेव्हा मी त्यांच्या खुर्चीत बसले. समोरच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, ते तिथून नीट दिसतं. पहिली वीस मिनिटं नुसतं घड्याळ बघितलं. मग मी तिच्याबद्दल बोलले, आमच्या मुलीबद्दल, मोठ्याने. पाच पन्नासला उठले.

जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे. बॅटरी लावून सावकाश उतरले. घरी आल्यावर कुणाला तरी कळवावं असं वाटलं, म्हणून हात धुवायच्या आधीच हे लिहिते आहे.

पोचले.

वहिनी